‘झाडपाल्याचं आहे, मग चालेल’ हे मला मान्य नाही



आपल्या बायकांत एक वाक्य फार चालतं: “लॅबमधलं नको गं, हे झाडपाल्याचं आहे, मग चालेल.” झाडपाला काय आभाळातून पडतो? वनस्पतीकाय हाही जीव, हे आपण पाठशाळेत घोकलंय. मग औषधाच्या बाटलीशी आलो की ते विसरतं कसं?

आमच्या शिरोड्याकडे मधुमेहावर सप्तरंगीचा काढा पितात. तो मुळांचा. म्हणजे कंदमूळ ताटात येऊ द्यायचं नाही, आणि रानातली वेल मुळासकट खणून तिचा काढा मात्र शुद्ध म्हणून प्यायचा!

याहून मोठी गोष्ट नरक्याची. आंबोलीकडच्या सह्याद्रीत हे झाड आहे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच आपल्या नरक्यात सापडलं. त्यापासून बनणारी औषधं आज अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कर्करोगावर देतात. पण शंभर किलो लाकडातून ते किलोभरही निघत नाही. म्हणून नरक्या चोरून तोडला जातो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, ते हेच.

आता ज्या ‘लॅब’ला आपण नाक मुरडतो, तिथे काय करतात ते बघा. पानाचा किंवा देठाचा नखाएवढा तुकडा साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरकं असलेल्या माध्यमावर ठेवतात. त्यावर पेशींचा मऊ गोळा वाढतो. तो पातळ माध्यमात हलवत ठेवला की पेशी वाढत राहतात, आणि त्यांतून हवा तो पदार्थ काढता येतो. झाड रानात उभंच राहतं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशी अशा वाढवून त्यांतून कॅम्पटोथेसिन मिळवलं. त्यांचा निबंध २००१ साली छापून आला. जपानात तर १९८०च्या दशकातच शिकोनिन हा लाल रंग टाकीतल्या पेशींपासून काढून लिपस्टिकमध्ये वापरला गेला. एरवी त्यासाठी वर्षानुवर्षं वाढलेली मुळं उपटावी लागत.

यावर आपल्यातल्याच जाणत्या बायका म्हणतील, तो पेशींचा गोळा म्हणजे अनंतकायच झाला, आणि माध्यम निर्जंतुक करताना किती सूक्ष्म जीव मरतात! हिंसा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण श्रावकाचं व्रत अणुव्रत आहे. चूल पेटवली तरी हिंसा होते, म्हणून आपण ती कमीत कमी कशी होईल ते पाहतो. मोठं झाड पडतं तेव्हा त्यावरची घरटी, मुंग्या, किडे, सगळे त्रसजीव त्याबरोबर जातात. हा हिशोब कुणी मांडणार की नाही?

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. नरक्याच्या पेशींत हे द्रव्य लाकडापेक्षा फारच कमी तयार होतं, म्हणून बाजारातला माल अजून झाडांतूनच येतो. पण वाणी-वॉल यांनीच शोधलेल्या टॅक्सॉलसाठी आधी यू झाडांची साल सोलावी लागे, आणि झाड मरे. आज ते औषध पेशींच्या टाक्यांतूनही बनतं. मागणी असली की वाट निघते.

घरात कुणाला कर्करोगाचं औषध लिहून दिलं असेल तर ते बिनशंक घ्या. जीव वाचवणं आधी. माझं भांडण शेल्फवरच्या टॉनिकशी आणि क्रीमशी आहे. बाटलीवर ‘हर्बल’ दिसलं की विचारा: कुठलं झाड? मूळ, साल की पान? लावलेलं की रानातून आणलेलं? आणि पेशींपासून बनवलं असेल तर माध्यमात प्राणिज काही घातलंय का? दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर ती बाटली परत ठेवा.