दम्याचे औषध आणि हातावरचे जांभळे डाग

कळंबोलीच्या लोखंड बाजारातील धूळ, ट्रकांचा धूर दमेकऱ्यांना छळतो. पंप सुटत नाही. अशा एखाद्या ज्येष्ठांच्या हातावर किरकोळ धक्क्यानेही जांभळे डाग उमटू लागले, तर ते पंपातील स्टिरॉइडमुळेही असू शकतात. ब्युडेसोनाइडसारखे औषध मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेतल्यास त्वचा पातळ होते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तर अधिकच. जुन्या चिठ्ठीवर त्या आणत राहणे म्हणूनच घातक. तरीही डागांच्या भीतीने औषध परस्पर थांबवू नये. मात्रा डॉक्टरच कमी करतील. नेब्युलायझरच्या मास्कनंतर चेहरा धुवावा. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळची मात्रा डॉक्टरांना विचारून सूर्यास्तापूर्वी घ्यावी, म्हणजे चुळा भरता येतील. मात्र रात्री धाप लागल्यास तातडीचा पंप टाळू नये.