शंभर रुपयांतले सत्तर पैसे

घरखर्चाच्या वहीत दानधर्माचा एखादा रकाना तुम्हीही ठेवत असाल. रक्कम लहानच असते, पण एकदा ठरवली की महिनाअखेरीच्या ओढाताणीतही आपण ती सहसा मोडत नाही. आता जरा श्रीमंत देशांची वही उघडून पाहू या.

१९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं की, श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर शंभर रुपयांमागे सत्तर पैसे गरीब देशांसाठी काढावेत. सत्तर पैसे हो! नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांनी शब्द पाळला. ब्रिटनने २०१३ मध्ये तो आकडा गाठला नि २०२१ मध्ये पन्नास पैशांवर आणला. अमेरिका तर त्या आकड्याला बांधून घ्यायलाच तयार झाली नाही.

बरं, हिशेब तरी कसा? आसऱ्याला आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी स्वतःच्याच देशात केलेला खर्च याच खात्यात धरायची मुभा आहे. म्हणजे घरी आलेल्या पाहुण्यांचं जेवण दानाच्या रकान्यात मांडायचं! आपल्या सासूबाईंनी असला हिशेब एक दिवस चालू दिला नसता.

देणाऱ्याच्या मर्जीवर जगणं कसं असतं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १९६५-६६ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा गहू येई. शेतीचं धोरण बदला, व्हिएतनामच्या युद्धावर टीका नको, असा अध्यक्ष जॉन्सन यांचा दाब होता. गहू हात राखून, थोडा थोडा सुटे. आपलाच कापूस नेऊन ज्यांच्या गिरण्या चालल्या, त्या देशांनी तरी याला उपकार म्हणू नये. मी तर याला सरळ देणं म्हणते.

आणि लागतं तरी काय? शेंगदाण्याचं वाटण, दुधाची भुकटी, साखर, तेल नि जीवनसत्त्वं. आपल्या लाडवाचाच चुलतभाऊ म्हणा. फ्रान्समध्ये १९९६ च्या सुमारास तयार झालेलं हे पाकीट शिजवावं लागत नाही, पाणी घालावं लागत नाही. अगदी खंगलेली मुलंही सहा-आठ आठवड्यांत बहुधा सावरतात. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्थाच गुंडाळली, तेव्हा या पाकिटांची खोकी तिथल्याच गुदामांत पडून राहिली. त्याच वर्षी ईशान्य नायजेरियात पोषणकेंद्रं बंद पडली. मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला तिथे दार बंद दिसलं.