चषक नको, बैठक हवी

धर्मग्रामातील वक्तृत्व मंडळाच्या साप्ताहिक बैठका बंद कराव्यात आणि त्याऐवजी वर्षातून एक भव्य स्पर्धा घ्यावी, असा आग्रह अलीकडे धरला जातो. हा आग्रह मला साफ अमान्य आहे.

स्पर्धेत काय घडते? भाषण लिहितात शाळेतील बाई, पाठ करतो मुलगा आणि टाळ्या मिळतात आईला. ठरलेल्या वाक्याला ठरलेला हात वर जातो. मध्येच एक शब्द निसटला की सारी इमारत कोसळते. कारण विचार त्याचा नसतोच. एक जण चषक घेऊन जातो आणि उरलेले एकोणीस जण ‘आपल्याला बोलता येत नाही’ ही समजूत घेऊन घरी जातात. त्या विजेत्याला पुढच्या रविवारी मिस्सामध्ये पहिले वाचन करावयास सांगा. यिर्मयाचा आक्रोश तो हजेरीपटासारखा वाचून दाखवील!

मंडळाची रीत निराळी. १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे राल्फ स्मेडली यांनी वाय.एम.सी.ए.च्या वास्तूत पहिले टोस्टमास्टर्स मंडळ सुरू केले. तेथे पाच ते सात मिनिटांचे भाषण, वेळ दाखविणारे हिरवा, पिवळा, तांबडा असे दिवे, ऐनवेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटांचे बोलणे आणि मग एका सभासदाने केलेले परीक्षण, असा क्रम असतो. परीक्षण करणारा कुणी पंडित नसतो. पुढच्या खेपेस तोच बोलावयास उभा राहतो. त्या संस्थेतही स्पर्धा होतात, हे मला ठाऊक आहे. परंतु तेथे स्पर्धा बैठकांतून उगवते, बैठकांना गिळत नाही.

‘आमच्या मुलांना जिभेची देणगीच नाही,’ असे पालक म्हणतात. मोशेनेही देवापुढे हीच सबब सांगितली होती. देवाने त्याला अहरोनाची सोबत दिली, सुटका दिली नाही. संत ऑगस्टीन तर मिलान येथे वक्तृत्वाचेच अध्यापक होते. संत अँब्रोज यांची केवळ शैली पारखण्यास ते गेले आणि शैलीच्या पाठोपाठ आशय त्यांच्या अंत:करणात शिरला.

आपला माणूस ग्रामसभेत मागच्या बाकावर मुका बसतो आणि ठराव संमत झाल्यावर नाक्यावर तावातावाने बोलतो. वीस वर्षे नोव्हेना सांगणाऱ्या भगिनींना पाण्याच्या प्रश्नावर दोन वाक्ये उच्चारण्याचा धीर होत नाही. वार्षिक चषकाने हे कसे बदलणार?

दोष आम्हा धर्मगुरूंचाही आहे. एका बैठकीत समारोपाच्या निमित्ताने मी अर्धा तास घेतला. नववीतील एका मुलीने घंटा वाजविली. मी ती ऐकली नाही, खरे तर ऐकूनही बोलत राहिलो. परीक्षणाच्या वेळी ती उभी राहिली आणि म्हणाली, “फादर, तुमचा मुद्दा दहाव्या मिनिटालाच संपला होता.” सभागृहात शांतता पसरली. मला राग आला, हे कबूल करतो. प्रवचन आठ मिनिटांहून अधिक नसावे, असे पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये सांगितले होते; मला ते त्या मुलीकडून कळावे लागले. असे बोलण्याचे धाडस तिला कोणत्या स्पर्धेने दिले असते?

मंडळाला लागतात वीस खुर्च्या, एक घड्याळ, एक घंटा आणि शुक्रवारचा एक तास. ज्यांना चषक द्यायचे असतील त्यांनी ते अवश्य द्यावेत. शुक्रवारच्या त्या तासाला मात्र हात लावू नये.