परतीच्या सामानात काय?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपत आली की, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर सिंगापूरहून परतणाऱ्या कुटुंबांची गर्दी होते. पाच-साडेपाच तासांपूर्वी चांगी विमानतळावर मुकाट्याने रांगेत उभी असलेली ही मंडळी विमानाची चाके धावपट्टीला टेकताच उठून उभी राहतात. सामानाच्या पट्ट्यापाशी ढकलाढकली होते. घरी पोहोचेपर्यंत बिस्किटांचा एखादा रिकामा पुडा गाडीच्या खिडकीतून रस्त्यावर भिरकावलाही जातो. ज्या हातांनी सहा दिवस कागदाचा कपटासुद्धा खिशात जपून ठेवला, तेच हे हात!

सोमवारी कार्यालयात चॉकलेटचा डबा फिरतो, छायाचित्रे दाखवली जातात आणि ठरलेला निष्कर्ष निघतो, ‘तिकडची शिस्त पाहावी! आपल्याकडे हे कधीच व्हायचे नाही.’ हे उद्गार निघतात तेव्हा कार्यालय सुरू होऊन पाऊण तास झालेला असतो आणि टेबलावरची धारिका अजून उघडलेली नसते.

कष्टाच्या पैशातून कुटुंबाने चार दिवस विसावा घेतला, वृद्ध आई-वडिलांना विमानप्रवास घडवला, यात आक्षेपार्ह काहीच नाही. प्रश्न आहे तो त्या निष्कर्षाचा. शिस्त सिंगापूरच्या मातीतच आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. ज्या सिंगापूर नदीत आज पर्यटक नौकाविहार करतात, ती १९७० च्या दशकात दुर्गंधीयुक्त गटार झाली होती. काठावरच्या झोपड्या, उघड्यावरचे खाद्यविक्रेते आणि परिसरातील वराहपालन यांची सारी घाण तिच्यात येत असे. १९७७ मध्ये पंतप्रधान ली कुआन यू यांनी दहा वर्षांत नदी स्वच्छ करण्याचे लक्ष्य दिले. रहिवाशांचे पुनर्वसन झाले, विक्रेत्यांना बाजारगृहे बांधून दिली गेली आणि १९८७ मध्ये ते काम पूर्ण झाले. आज या नदीचे पाणी मरीना जलाशयात साठवून पिण्यासाठी वापरले जाते. तरीही सवयीचा प्रश्न कायमचा मिटलेला नाही. जेवणानंतर ताटे जागेवर नेऊन ठेवण्यासाठी तेथील शासनाला २०२१ मध्ये दंडाचा नियम लागू करावा लागला. शिस्त तेथेही उपजत नाही; ती रोज घडवावी लागते.

तेथे कायदा कठोर आहे, यंत्रणा सक्षम आहे, हे खरेच. येथील महापालिकांनी कचरापेट्या, पदपथ आणि स्वच्छतागृहे द्यावीत, ही मागणी रास्त आहे आणि ती नेटाने केलीच पाहिजे. परंतु रांगेत उभे राहायला, दिलेली वेळ पाळायला, हातातले काम मनापासून करायला कोणत्या अंदाजपत्रकाची तरतूद लागते?

महाराष्ट्राला तर हा धडा परदेशातून आणण्याचीही गरज नाही. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात पाऊल टाकताच हाती खराटा घेत आणि दिवसभर गाव झाडून रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने २०००-०१ मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा ज्यांनी विमानतळ कधी पाहिला नव्हता अशा असंख्य ग्रामस्थांनी श्रमदानाने आपली गावे झाडून स्वच्छ केली. ‘आपल्याकडे व्हायचे नाही’ असे त्यांनी म्हटले नाही.

या साऱ्याकडे सर्वांत बारकाईने पाहत असते ते घरातले मूल. परक्या देशात पुडा खिशात ठेवणारे वडील मायदेशी तोच रस्त्यावर टाकताना त्याला दिसतात. चांगले वागायचे ते दंडाच्या भीतीने आणि परक्यांसमोर, स्वतःच्या घराबाहेरची जागा मात्र कुणाचीच नसते, असा संस्कार त्याच्यावर नकळत होतो. शाळेतल्या प्रतिज्ञेतून जे रुजते, ते अशा एका कृतीने पुसले जाते. देशप्रेमाची कसोटी सीमेवर लागते, तशीच ती गाडीच्या उघड्या खिडकीशीही लागते.

सिंगापूरचे घड्याळ अडीच तास पुढे आहे. परतल्यावर एक-दोन दिवस पहाटे साडेतीन-चारलाच जाग येते. वेळेवर कामावर पोहोचायला याहून चांगला मुहूर्त कोणता? भेटवस्तू आठवड्यात संपतात, छायाचित्रे महिन्यात विस्मरणात जातात. प्रत्येक कुटुंबाने तिथली एकच सवय निवडून वर्षभर नेटाने पाळली, तरी पुरे. पुढच्या सुट्टीत विमान मुंबईच्या धावपट्टीवर थांबेल, तेव्हा सूचना होईपर्यंत शांतपणे बसून राहणाऱ्यांत ते कुटुंब असावे आणि त्या मुलाला त्यात काहीही विशेष वाटू नये!