स्मृतिपरीक्षा

गेल्या वैशाखांत मंद्रूप येथील आमच्या घरीं एक संकट ओढवलें. आमचा संगणक चालतां चालतां अकस्मात् बंद पडे व आपला आपण पुन्हां सुरू होई. वाचकांस हें क्षुद्र वाटेल. परंतु आमच्या दिवंगत मातोश्रींनीं अखेरच्या दोन वर्षांत सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या आम्हीं त्यांत उतरून ठेविल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. पस्तीस वर्षें मुलांना सावधपणा शिकविणाऱ्या शिक्षकाची ही गोष्ट!

सोलापुरांतील एका दुकानदारानें यंत्र न उघडतांच निदान केलें, "रॅम गेली." रॅम म्हणजे यंत्राची काम चालूं असतांनाची स्मृति. आमच्याच तालुक्यांतील हत्तरसंग-कुडल येथला शके ९४० चा मराठी शिलालेख हजार वर्षें आपलें म्हणणें धरून आहे; या स्मृतीची पाटी मात्र वीज जातांच कोरी होते. ओव्या असतात त्या निराळ्या ठिकाणीं, डिस्कवर.

आमचा पुतण्या या विद्येंत जाणता आहे. त्यानें येतांच डिस्क काढून घेतली व स्वतःच्या यंत्रास जोडून ओव्यांची प्रत केली. संशयित स्मृतीच्या हातून नक्कल करविली, तर नक्कलच बिघडण्याचें भय असतें. मग त्यानें स्मृतिपरीक्षा सुरू केली. असा एक प्रसिद्ध कार्यक्रम ख्रिस ब्रॅडी यांनीं १९९४ सालीं रचला. स्मृतीच्या प्रत्येक घरांत ठराविक अंक लिहावयाचे व ते वाचून ताडून पाहावयाचे. एकदां चढत्या क्रमानें, एकदां उतरत्या, एकदां अंकांची उलटापालट करून. वेदपाठशाळेंतील क्रम, जटा व घन हे पाठ आम्हांस आठवले. हेतु एकच, अक्षर ढळूं नये.

बाराव्या मिनिटास यंत्र पुन्हां सुरू झालें. आम्ही म्हणालों, "दुकानदाराचें खरें ठरलें. नापास!" पुतण्या हंसून म्हणाला, "नाही काका. नापास झालं असतं, तर चुकीचं उत्तर पडद्यावर दिसलं असतं. हे तर पेपर अर्धा टाकून वर्गाबाहेर गेलं."

हा भेद आम्हांस मार्मिक वाटला. तथापि एवढ्यावरून स्मृति निर्दोष ठरत नाहीं. परीक्षा घेणारा कार्यक्रमही स्मृतींतच बसलेला असतो, आणि दोष नेमका त्याच्या आसनाखालीं असेल तर तोच कोलमडतो. म्हणून नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक कामीं आला. जें असतां कार्य घडतें व जें नसतां घडत नाहीं, तें कारण. एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची. स्मृतीच्या दोन पट्ट्या आळीपाळीनें, निरनिराळ्या खांचांत लावल्या. यंत्र प्रत्येक वेळीं बंद पडलें. धूळ झाडली, पंखे तपासले, उष्णतामान पाहिलें. तें बेताचें होतें. शेवटीं पुतण्यानें आपल्या यंत्राचा वीजपुरवठ्याचा डबा आणून जोडला. परीक्षा रात्रभर चालली. एकही चूक निघाली नाहीं. जुना डबा परत लावतांच पाव तासांत पुन्हां तीच गत!

त्याचें कारण असें. हा डबा घरांतील विजेपासून यंत्रास १२ व्होल्ट इत्यादि दाबाची वीज करून देतो. हा दाब ठराविक मर्यादेहून अधिक ढळूं नये, असा नियम आहे. डबा "वीज ठीक आहे" अशी खूण सतत देत असतो. ती खूण तुटतांच यंत्र अपुऱ्या विजेवर काम न करितां आरंभापासून सुरू होतें. आमचा डबा नऊ वर्षांचा होता. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जाणाऱ्या या मुलखांत त्यांतील कपॅसिटर सुकून निकामी होतात. वाचकांनीं हा डबा स्वतः उघडूं नये; प्लग काढल्यावरही त्यांत वीज सांठलेली राहते. डबा सबंधच बदलावा.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. पाठांतराच्या तासास तो दोन श्लोक म्हणे, तिसऱ्यांत थांबे व मुकाट्यानें खालीं बसे. "स्मरणशक्ति मंद," असा शेरा आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत लिहिला. त्याच वर्षीं त्याची शाळा सुटली. पुढें त्याच्या आईकडून कळलें कीं, तो दूरच्या वस्तीवरून रोज सकाळीं उपाशीं चालत येत असे. आतां आठवून पाहतों, तर म्हटलेल्या श्लोकांत त्यानें एकही शब्द चुकविलेला आम्हांस स्मरत नाहीं. तो फक्त मध्येंच थांबे. आम्हीं त्याची परीक्षा पुष्कळ वेळां घेतली, "बाळ, सकाळीं कांहीं खाल्लेंस का?" एवढें एकदांही विचारिलें नाहीं.

ओव्यांच्या आतां तीन प्रती आहेत. यंत्रही सुरळीत चालूं आहे. तो शेरा मात्र आम्हांस खोडतां आला नाहीं.