तेरीज आधी, ताळेबंद मागाहून

हिशेब संगणकावर ठेवावेत की नाही, हा वाद आता संपला आहे. परंतु ते करणारे सॉफ्टवेअर कसे करवून घ्यावे, याचा आपल्या व्यापारी वर्गात पुरेसा विचार झालेला नाही, असे आम्हांस वाटते. 'अमक्यांचा मुलगा आठ दिवसांत लिहून देतो' एवढ्यावर सौदा ठरतो. धान्याचा सौदा मात्र आपण पोत्याच्या पोटातला नमुना पाहिल्याविना करीत नाही!

एक उदाहरण घेऊ. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. आता 'लहान पिशवीस कर, मोठ्या पोत्यास नाही' एवढेच सांगितले, तर लिहिणाऱ्याने काय समजावे? नेमक्या २५ किलोच्या पिशवीस कर आहे. २६ किलोच्या पिशवीस नाही. किरकोळ विक्रीच्या १० किलोच्या दहा लेबलबंद पिशव्या एकाच गोणीत घातल्या, तर वजन १०० किलो होऊनही कर सुटत नाही. २० आणि ५० किलोंवर तपासलेले सॉफ्टवेअर बिनचूक ठरेल आणि चूक २५ वर दडून राहील. ती सीमेवरच दडते, हे आम्हां सीमाभागातील लोकांस निराळे सांगावयास नको. निपाणीची मालमोटार चिकोडीस गेली तर केंद्राचा व राज्याचा कर निम्मा निम्मा. कागलला गेली की एकात्मिक कर. रक्कम तीच, रकाना निराळा.

सरकारी यंत्रणाही याला अपवाद नाही. ई-वे बिलाची सोय १६ जानेवारी २०१८ पासून स्वेच्छेने वापरून पाहता येत होती. १ फेब्रुवारीस ती सक्तीची झाली आणि त्याच दिवशी यंत्रणा कोलमडून सक्ती पुढे ढकलावी लागली. चार गिऱ्हाइकांवर दुकान चालले, म्हणून बाजाराच्या दिवशी चालेलच असे नाही. १ एप्रिलला पुन्हा आरंभ झाला तो टप्प्याटप्प्याने, हे शहाणपणाचे झाले.

तपासणीत वेळ जातो, असे तरुण मंडळी म्हणतात. जातो खरा. पण चुकीच्या कराची दोनशे बिले बाहेर गेल्यावर क्रेडिट नोटा काढीत बसण्यात, गिऱ्हाइकाची नाराजी सोसण्यात जातो तो कुणाच्या खाती मांडावयाचा? तेरीज जुळल्याविना ताळेबंद न करणारे आपण, येथेच का घाई करतो?

एकही ओळ लिहिण्यापूर्वी विक्रीचे सर्व प्रकार वहीत उतरवावेत: परत आलेला माल, आडत, हमाली, घट, उधारी. प्रत्येकाचे उत्तर मुनिमाने हाताने काढून ठेवावे आणि सॉफ्टवेअरचे उत्तर त्याशी ताडावे. महिनाभर जुनी व नवी पद्धत जोडीने चालवावी. दर बदलले की सारी वही पुन्हा तपासावी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कितीतरी वस्तूंचे दर एकाच दिवशी बदलले, हे स्मरणात असेलच.

अशी सामायिक वही आपल्या संघाने करावी, अशी आमची सूचना आहे. मुनीम मंडळींपाशी अडचणीच्या बिलांचा मोठा साठा आहे, आणि जुन्या मुनिमांपैकी बरेच जण आता निवृत्तीस आले आहेत. तेव्हा हे काम येत्या दिवाळीपूर्वी हाती घेतलेले बरे.