पाण्याखालची गावे

गेल्या उन्हाळ्यात कचेरीला लागून सुट्टी आली, तेव्हा आम्ही मुलाबाळांसह तापोळ्यास जाऊन आलो. महाबळेश्वरहून सरळ मोटारीचा रस्ता आहे. पण मुलांना बोटीची हौस. म्हणून शिरोळहून सातारा, तेथून कास पठारावरून बामणोली गाठले आणि लाँचमध्ये बसलो. दोन्ही बाजूंना झाडीचे डोंगर, मध्ये शिवसागराचे संथ पाणी. ‘मिनी काश्मीर’ हे नाव उगीच पडलेले नाही.

लाँचमध्ये आमच्याशेजारी एक आजी होत्या, पिशवीत किराणा. आम्ही सहज विचारले, "आजी, तुमचं गाव कुठलं?" त्यांनी पाण्याकडे बोट केले. "हे काय, इथंच. मी ल्हान होते तवा गाव बुडालं. पानी उतरलं की शेताचं बांध दिसत्यात, लेकरा."

आमची बडबड थांबली. आपण जिथे मौजेला आलो, ते कुणाचे तरी घर-शिवार होते!

कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण १९६० च्या दशकात उभे राहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे मोठा भूकंप झाला, तोही वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आज या प्रकल्पाची वीज १,९६० मेगावॅट क्षमतेची आहे. कारखाने चालले, घरोघर दिवे लागले. पण ज्यांची गावे गेली, त्यांतल्या कित्येकांना हक्काच्या जमिनीसाठी पुढच्या पिढीतही मोर्चे काढावे लागले. काठावर राहिलेल्यांना दवाखाना, बाजार यांसाठी लाँचचाच आधार. आपली सहल, ती त्यांची एस.टी.!

हे पाणी आपल्याला परके नाही. कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि तीच कृष्णा नृसिंहवाडीला आपल्या पंचगंगेला भेटते. २०१९ च्या महापुरात घर सोडताना काय वाटते, ते आपण शिरोळकरांनी अनुभवले. आपण पाणी ओसरल्यावर परतलो. आजींचे पाणी कायमचे राहिले.

तेव्हा वाचकहो, तापोळ्यास जरूर जा. बोटीत लाइफ जॅकेट घाला, मुलांना आधी घाला. प्लॅस्टिक पाण्यात टाकू नका. आणि नावाड्याला एवढे विचारा, "दादा, इथे खाली कोणते गाव होते?" मुलांनाही ते नाव ऐकू द्या.